मारितने दिलेला सूर

हॅमिल्टन, शनिवार

ती. आईस,
कांचनचा वाकून नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहिते. वॉर्डात माझ्याबरोबर काम करणारी नर्स मारित नॉर्वेच्या उत्तरेकडची, सामी लोकांतली. ते माणसावर गाणं रचत नाहीत, सुरांत तो माणूसच गातात. त्याला योइक म्हणतात. ज्याचा योइक, त्याच्याच मालकीचा. आमचं बाळ गेल्यावर मी बोलेनाशी झाले होते, तेव्हा तिने माझा योइक मला दिला. शब्द नाहीत, नुसता सूर; माझ्या फोनवर रेकॉर्डही करून दिला. तो ऐकून मी पहिल्यांदा रडले.

तुझ्या जावयाने तो माझ्या फोनवरून गुपचूप घेतला आणि इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात ‘माझी नवी चाल’ म्हणून गायला. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मारितने हळूच विचारलं, “तू दिलास त्याला?”

“नाही.”

घरी आल्यावर सुशांत म्हणाला, “चार सूर तर होते! लोकांना खूप आवडले.”

“ती मी होते, सुशांत.”

तो हसला, आई.

सध्या मारितकडे राहते. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. बाबांना ड्यूटी वाढलीय एवढंच सांग. सुशांतने विचारलं तर पत्ता देऊ नकोस.

तुझीच,
कांचन