आठ नंबरचा पाय

२ फेब्रुवारी
मालक म्हणाले, महिनाभरात फुटवेअरचा इनचार्ज नेमणार, दिवसभर उभा राहणारा माणूस हवा. म्हणजे मीच. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मी नुसता पाय बघून नंबर सांगतो. मोजायची पट्टी लागत नाही.
संकल्प: सकाळी चालणे. साखर बंद. तळपायांची आग कुणाला सांगायची नाही.

५ फेब्रुवारी
चालणे उद्यापासून.
आज तळपाय असे पेटले की स्टॉकरूममध्ये बगळ्यासारखा एका पायावर उभा. मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणली. सूजही उतरवते म्हणे. त्याने विचारलं, शुगर आहे का? म्हटलं, बॉर्डरवर. (बॉर्डर ओलांडून वर्षं झाली. पण तो काय व्हिसा बघणार आहे?)

६ फेब्रुवारी
जबरदस्त गोळी! संध्याकाळपर्यंत ताठ. मालक म्हणाले, तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो.

११ फेब्रुवारी
शर्ट धुताना बायकोला खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं. म्हणाली, शुगरवाल्यांनी असल्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, किडनीवर जातात, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या डाएट चार्टवरचं केळं बघत बसला होतात. मी शांतपणे समजावलं. गोळी चाटून पाहिलीय, कडू आहे. साखर असती तर कळलं नसतं का? तिने कपाळावर हात मारला. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
बूट चावतायत. लग्नाआधीपासून माझा नंबर आठ. कंपनीने लेदर बदललं, दुसरं काय. डिस्काउंटमध्ये नऊ नंबर घेतला.
गोळी यापुढे फक्त गरज पडली तरच. (गरज सकाळी पडते. संध्याकाळीही पडते.)

१ मार्च
नऊसुद्धा घट्ट! कंपनीला कडक मेल टाकला: तुमचा अख्खा लॉट एक नंबर लहान आहे. तोवर गिऱ्हाइकांना मीच एक नंबर मोठा देतोय. माणसाने जबाबदारी घ्यावी.
मोज्याचा वळ सकाळपर्यंत पायावर असतो. इलॅस्टिक मात्र मजबूत देतात.
बायको म्हणाली, तोंड सुजलंय तुमचं. म्हटलं, भरलंय. सासरचं खाल्लेलं अंगी लागलं एकदाचं. हसली नाही.

९ मार्च
बूट परत यायला लागले. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या, म्हणाल्या, हे चालतात आणि बूट मागून येतात. मालक परत आलेली खोकी माझ्यासमोर रचत गेले. ओरडले असते तर बरं होतं.
जिना चढताना धाप लागली. जिना जुना आहे.

१४ मार्च
कंपनीचा माणूस आला. त्याने आठ नंबरचा बूट मोजला. बरोबर आठ. नऊ मोजला. नऊ. मग मालकांनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसलो. तो माणूस माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. बूट निघेना. त्याने टाच धरली, मालकांनी पोटरी. पाय पट्टीवर ठेवला तर दोन्ही बाजूंनी बाहेर.
लेदरचं सांगणार होतो. मालकांनी विचारलं, अरे, कधीपासून हे असं? बायकोला फोनही त्यांनीच केला.

१५ मार्च
दवाखाना. लघवीतून प्रोटीन जातंय. किडनीचा रिपोर्ट वाईट. डॉक्टर म्हणाले, ती आग शुगरमुळे खराब झालेल्या नसांची आहे, या गोळीचं ते कामच नव्हे. नसांसाठी वेगळं औषध असतं. विचारलं असतंत तर दिलं असतं. किडनी कितपत सावरेल, ते आताच सांगता येत नाही.
गोळी कडू होती, हे बोललो नाही.
त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, काढला. खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. भरेचना. मग बायको पुढे झाली आणि तो खड्डा बोटांनी हलकेच चोळायला लागली, जसं काही तिनेच पाडला होता.
घरी येताना तिने दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या दुकानातून रबरी चपला आणल्या. नंबर तिनेच सांगितला होता. मी विचारला नाही.