रखमाबाईचे गोंदण आणि रोणची सहा एकर

मी, डॉ. हेमांगी बळवंत रोणकर, वय ७७, वस्त्ररसायनशास्त्राची विद्यावाचस्पती, राहणार पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा पुतण्या केदार याच्यासाठी आहे. मला स्वतःला तशी शंका कधी आली नाही.

१. पालघरची सदनिका केदारला द्यावी. अट नाही. अट घातली तर तो लोभापोटी खरे बोलेल, आणि तसले खरे मला नको.

२. माझे भिंग आणि तंतू मोजण्याची पितळी पट्टी प्रयोगशाळेतील माझी सहायक सपना हिला द्यावी. तीस वर्षांत ‘अंदाजे’ हा शब्द न उच्चारणारी ती एकटीच.

३. गदगकडील रोण तालुक्यातील काळ्या रानाची सहा एकर वाटणीपत्राने माझ्याकडे आली. केदारने छापलेल्या ‘घराण्याच्या इतिहासा’तील एक्कावन्न मुद्रणदोष मी माफ करते. पान तेवीस माफ करत नाही.

घडले ते असे. पणजोबांनी रान घेतले, आजोबांनी कापूस लावला. १९१८ च्या साथीत आजोबा आणि आजी एकाच आठवड्यात गेले. माझे वडील तेव्हा वर्षाचे होते. धारवाडचे नातलग फिरकले नाहीत. कापूस वेचणाऱ्या रखमाबाईने ते मूल उचलले आणि सतरा वर्षे शेत कसले. तिला लिहिता येत नव्हते. म्हणून सरकी काढायला जिनात जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर ती काजळीने आपल्या मनगटावरचे गोंदण काढी: तीन ठिपके, खाली रेघ. वडील सज्ञान झाल्यावर त्यांनी तिला एक लुगडे दिले, शेत खुणेसकट ताब्यात घेतले आणि तिला पुन्हा वेचणीला लावले. त्यांच्यावर माझे प्रेम होते, तरी हे वाक्य मी सौम्य करणार नाही.

केदार पान तेवीसवर, आणि आज बोईसरच्या आपल्या कारखान्यात टॉवेलांवर, तीच खूण ‘घराण्याचे राजचिन्ह’ म्हणून छापतो आणि ती स्वतःच्या नावे नोंदवू पाहतो.

“आत्या, गोंदण होतं हे आता कोणाला कळणार?” त्याने विचारले.

“मला कळतं. आणि मी अजून मेलेले नाही.”

४. ती सहा एकर, आणि त्या खुणेवर माझा जो काही हक्क असेल तो, रखमाबाईची पणती शकू हिला द्यावा. ती बोईसरजवळ कुंभवलीत राहते, सूतगिरणीत कामाला जाते. हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाई, केदारशेठ मला कोर्टात खेचतील. तवा तुमी येनार हाय का साक्षीला?”

येणार. माझी साक्ष येथे नोंदवते.

फेब्रुवारी १९५६, वेचणीचा दिवस. मी आठ वर्षांची. बोंडाच्या काट्याने माझे बोट रक्ताळले होते आणि रखमाबाई ते पदराने पुसत होती. तिच्या मनगटाकडे बोट दाखवून मी विचारले, “आमच्या पोत्यांवरची खूण तुझ्या हातावर कशी?”

ती हसली. “येडे पोरी, हात आधीचा का पोतं आधीचं?”

प्रत्येक पान वाचून, तीन चुका दुरुस्त करून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

डॉ. हेमांगी बळवंत रोणकर
साक्षीदार: १. डॉ. रूपल चुरी २. धीरज तामोरे
पालघर, १४ नोव्हेंबर २०२५