सहा की सात?

१२ जुलै

ती. दादास सा. न.

इकडे सगळं ठीक. दुकान चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण दटावलं की ऐकतो. वहिनीला नमस्कार सांग. फोनच केला असता, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मीच रडत बसले असते.

आधी गंमत ऐक. गेल्या महिन्यात दुकानात कॉलेजच्या चार-पाच मुली शिरल्या. त्यांतल्या उंच मुलीच्या पावलाकडे बघून मी नेहमीसारखं विचारलं, "सहा की सात?" झालं! सगळ्या किंचाळल्या, "सिक्स-सेवन!" आणि दोन्ही तळहात तराजूसारखे खालीवर करत खिदळायला लागल्या. मला वाटलं, माझीच टिंगल. हातात बूट होता तसाच उगारून ओरडले, "चालत्या व्हा!"

बाकीच्या पळाल्या. उंच मुलगी हलेना.

"आत्या, ओळखलं नाहीस?"

दादा, तुझी लेक! तीन वर्षांत काय ताडासारखी वाढलीय!

तिला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "अगं, पण याचा अर्थ काय?"

"काहीच नाही."

"मग हसता कशाला?"

"अर्थ नाही म्हणूनच तर!"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मलाच असं हसू फुटलं, की पोट धरून खाली बसले.

तेव्हापासून ती दर शनिवारी येते. आता मीही हातवारे करूनच माप विचारते. पोरं नुसती ते ऐकायला येतात. मागच्या शनिवारी एका करड्या शिस्तीच्या हेडमास्तरांनाही सवयीनं तसंच विचारून बसले. त्यांनी क्षणभर रोखून पाहिलं, मग हात खालीवर करत म्हणाले, "आठ!" तुझी लेक खोक्यांमागे गडाबडा लोळत होती.

तिला रागावू नकोस. 'बाबांना सांगू नको' हे मीच म्हटलं होतं. कळलं तर तू तिला येऊ देणार नाहीस, ही भीती.

काल तिनं विचारलं, "बाबा तुझ्याशी का बोलत नाहीत?"

सांगितलं. आप्पा गेल्यावर तू दुकान विकू या म्हणालास, तेव्हा मी चारचौघांत म्हटलं, की आजारी बापाच्या पायाला तू कधी हात लावला नाहीस. दादा, रोज संध्याकाळी त्यांचे पाय तूच चेपायचास. मी दारातून बघायची. माहीत असून खोटं बोलले, कारण तुला लागेल असं दुसरं काही सुचलं नाही.

तिनं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे मला काय सांगतेस? बाबांना सांग."

म्हणून सांगितलं.

रविवारी दुकान बंद असतं. ये. भांडायला आलास तरी चालेल.

चुकलेली, तुझीच,
ठमी