दारातल्या बाईला माझं उत्तर

नवीन पनवेल,
१४ एप्रिल १९९७

तीर्थरूप कुमुदताईस,

धाकटा भाऊ दीनानाथ याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुझी कंबर कशी आहे? कमळाकररावांचा खोकला कमी झाला का? चिपळूणला उकाडा फार आहे का? (चार वर्षांची चौकशी एकदम करतो आहे, त्यामुळे मधल्या काळात जे काही दुखून बरं झालं असेल तेही यातच धरावं.) पत्रास कारण पुढे कुठेतरी येईल, ते शोधून घे.

एक गोष्ट आधीच सांगतो. रुचिराच्या लग्नात जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. आमची एस.टी. पळस्प्याला बंद पडली, मुहूर्त थांबला नाही, नवरीला बोहल्यावर आणायला सख्खा मामा हजर नव्हता म्हणून चुलतमामा धनेश उभा राहिला, आणि मी पोचलो तेव्हा लोकांच्या केसांत नुसत्या अक्षता उरल्या होत्या. मग मी न जेवता परत फिरलो आणि तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. हे तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. हे पत्र कॉम्प्युटरबद्दल आहे.

आमची मनस्वी आता इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या अभ्यासासाठी दिवाळीत कॉम्प्युटर घेतला आणि त्याला सीडी घालायचा कप्पा आहे. बटण दाबलं की कप्पा जीभ काढावी तसा बाहेर येतो. (पहिल्या दिवशी शोभाने त्यावर चहाचा कप ठेवला होता. ती हे नाकबूल करते, पण कप्प्यावरचा डाग अजून आहे.) महिन्यापूर्वी मनस्वीने मैत्रिणीकडून एक गेम आणला. गेम म्हणजे ठिपके ठिपक्यांना गोळ्या घालतात एवढीच माझी समजूत, म्हणून मी पेपर वाचत बसलो होतो. तेवढ्यात घरात एक अनोळखी बाई इंग्रजीत बोलली.

ताई, या गेममध्ये चित्रं नाहीत, माणसं आहेत. खरी, हाडामांसाची, गोरी माणसं, कोणीतरी कॅमेऱ्याने टिपलेली. पडद्यावरची चौकट पोस्टकार्डाएवढी आणि माणसं जरा अडखळत हलतात, पण माणसंच. टेकडीवर एक मोठं घर, हिरवा दरवाजा, आणि दारात करड्या झग्यातली एक बाई. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, इतक्या लांबून आलात, आता जेवूनच जा ना. आणि थांबली.

टीव्हीवरची माणसं थांबत नाहीत. बातम्या देणारी बाई आपण ठसका लागून मेलो तरी पुढची बातमी देते. ही थांबली. पापण्या मिटल्या, उघडल्या. या पायावरचा भार त्या पायावर घेतला. कानामागे केस सारले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. खाली दोन ओळी लिहून आल्या होत्या, एक होकाराची, एक नकाराची, आणि माऊसचं बटण दाबून मी त्यातली एक निवडायची होती. मी बनियनवर होतो. आत जाऊन शर्ट घालून आलो. शोभाने मला हसायला हवं होतं, पण ती स्वतःच पदर नीट करत होती.

तेवढ्यात करंजाड्याची गुणाबाई मासे घेऊन आली. (तिच्याकडची कोलंबी अजून तशीच असते, तुझी आठवण काढते.) तिने टोपली दारात ठेवली, डोकावून पाहिलं आणि मला म्हणाली, "दादा, ती बाय कवाची दारान उभी हाय. तुमी काय बोलत का नाय?" आमच्या घरात त्या यंत्राचं मर्म पहिल्यांदा कळलं ते गुणाबाईला. माझ्या तोंडून शब्द फुटेना म्हणून ती बाई ताटकळत होती. सातासमुद्रापलीकडची बाई, कधी काळी टिपलेली, आणि पनवेलच्या एका हेडक्लार्कच्या उत्तरासाठी खोळंबली होती. मला एवढा मान ऑफिसात कोणी दिलेला नाही.

मी 'नाही' निवडलं.

बाई म्हणाली, बरं, जशी तुमची इच्छा. दार बंद झालं. पडदा काळा झाला, कसलंसं वाद्य वाजलं आणि पुढच्या चित्रात ती जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली. आम्ही जेवायला थांबलो असतो तर मारेकरी आत शिरला नसता, असं पोलीस म्हणाला. शोभाने तोंडावर हात ठेवला. गुणाबाईने कोलंबी मोजून घातली खरी, पण घासाघीस केली नाही. एक अक्षर न बोलता, एका बोटाने, मी बाई मारली होती.

मनस्वीने शांतपणे काहीतरी दाबलं आणि बाई परत दारात. तोच झगा, तेच केस कानामागे, तेच अगत्य. मागच्या खेपेचा राग नाही, टोमणा नाही. इतक्या लांबून आलात, जेवूनच जा ना. मी पुन्हा 'नाही' निवडलं. बाई पुन्हा मेली. ताई, मी सात वेळा 'नाही' म्हणालो. सातव्या वेळी शोभा म्हणाली, "तुम्हाला कोणी जेवा म्हटलं की होतं तरी काय हो?"

आता मला सांग, पहिल्या बोलावण्याला 'हो' म्हणतं का कोणी? आपल्या घरचं वळण तुला माहीत आहे. बाबा म्हणायचे, पहिल्या आग्रहाला बसतो तो हावरा, दुसऱ्याला बसतो तो उपाशी आणि तिसऱ्याला बसतो तो पाहुणा. मी 'नाही' म्हणत होतो ते त्या बाईने पुन्हा म्हणावं म्हणून. असं कसं, दोन घास तरी घ्या, माझी शपथ आहे, एवढं म्हटलं असतं तर मी लगेच चपला काढल्या असत्या. पण त्या लोकांत आग्रहाची रीतच नाही. 'नाही' म्हटलं की ते 'नाही' समजतात. (अशा लोकांनी दीडशे वर्षं आपल्यावर राज्य कसं केलं?)

मनस्वीने मग समजावून सांगितलं त्याने मी जास्तच थक्क झालो. त्या बाईने म्हणे दोन्ही उत्तरांपुढचं सगळं आधीच वठवून ठेवलेलं असतं. एकदा दार लावून घेतलं, एकदा दार उघडून आत नेलं. म्हणजे माझं 'हो' आणि माझं 'नाही', दोन्ही त्या चकतीत आधीपासून शेजारी शेजारी आहेत, आणि मी बोलेपर्यंत दोन्ही खरी आहेत. मी ती सीडी हातात घेऊन बघितली. इंद्रधनुष्याची झाक सोडली तर काही दिसत नाही. मी तिला नमस्कार केला, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

काल दुपारी मी एकटाच होतो. गेम लावला आणि काहीच निवडलं नाही, नुसता बघत बसलो. ती किती वेळ थांबते ते पाहायचं होतं. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पापण्या, पाय, केस कानामागे. आणि मला एकदम रुचिराच्या लग्नाच्या कार्यालयाचं दार दिसलं. तू पदर कमरेला खोचून उभी होतीस, हाताला श्रीखंड लागलं होतं म्हणून मनगटाने केस कानामागे सारलेस आणि म्हणालीस, दिनू, जेवून जा ना. मी म्हणालो, तुमच्याकडे मामा पुष्कळ आहेत, त्यांना वाढा. तू थांबली होतीस. ओठ हलल्यासारखेही झाले. मग आतून कोणीतरी हाक मारली आणि तू गेलीस.

मी स्टँडवर बसलो. पनवेलच्या दोन गाड्या सोडल्या, ताई. तू दुसऱ्यांदा म्हणायला येशील किंवा कमळाकररावांना तरी पाठवशील म्हणून. तुला तीनशे पानं वाढायची होती हे मला तेव्हा सुचलं नाही, ते एका गोऱ्या बाईने चार वर्षांनी सुचवलं. मला रडू आलं. (शोभाला मी सांगितलं, पडद्याच्या उजेडाने डोळ्यांत पाणी येतं. मनस्वीने उजेड कमी करून दिला. आता बाई जरा काळवंडली आहे.)

मग मी 'हो' निवडलं. बाई हसली. इतक्या दिवसांत ती हसते हेच मला माहीत नव्हतं. तिने हिरवा दरवाजा सताड उघडला, बाजूला झाली, आतला उजेड पायरीवर पडला, आणि पडद्यावर अक्षरं आली: दुसरी सीडी घाला. दुसरी सीडी मनस्वीच्या मैत्रिणीकडे आणि मैत्रीण सुट्टीत साताऱ्याला. त्यामुळे आत जेवायला काय होतं ते अजून कळलेलं नाही.

कमळाकररावांना नमस्कार, रुचिराच्या लेकीला पापा, धाकट्या चारुतास आशीर्वाद.

तुझा,
दिनू

ता. क. चारुताचं लग्न नऊ मेला ठरल्याचं धनेशकडून कळलं. या खेपेस मी आठ तारखेच्या पहाटेच निघू शकतो, म्हणजे गाडी पळस्प्याला बंद पडली तरी चालत पोचेन.

ता. क. दुसरा. सोबत माझ्या पत्त्याचं पोस्टकार्ड जोडलं आहे. त्यावर दोन ओळी लिहिल्या आहेत. १) दिनू, जेवायला ये. २) दिनू, येऊ नकोस. एकीवर खूण करून टाक. आग्रहाची गरज नाही. एकदाच म्हण, मी पहिल्या बोलावण्याला येतो, मग बाबा हावरा म्हणोत. (दुसरीवर खूण केलीस तरी येईन. दारात उभा राहीन. ती बाई अर्धा तास राहते, मी हेडक्लार्क आहे, जास्त राहू शकतो.)

ता. क. तिसरा, शोभाचा. ताई, सा. न. पाकीट डकवण्याआधी मी हे वाचलं. आठ तारखेची तीन तिकिटं यांनी मागच्याच आठवड्यात काढून ठेवली आहेत, देवघरात ठेवली आहेत. आणि आग्रहाची गरज नाही असं लिहिलंय ते मनावर घेऊ नका. थोडा करा. नाहीतर पुढची चार वर्षं मला ऐकावं लागेल.