नवख्याचं सामान

प्रिय धाकटे,

ज्यांच्या घरातून रोज सकाळी एक मुलगी डबा घेऊन कामावर जाते, त्या सगळ्या आयांना आणि मावश्यांना मी हे भर चौकात सांगितलं असतं. आज तुला एकटीला लिहिते आहे. आपल्या मुली राबत असतात तोवर त्यांना कामगार म्हणतात आणि जीव गेला की शिकाऊ. तुझ्या चिंगीचंही तेच चाललंय. कारखान्याच्या मॅनेजरने आगीच्या चौकशीत शपथेवर सांगितलं, की ही मुलगी आगीच्या आदल्याच दिवशी हौसेने मण्यांचं विणकाम शिकायला आली होती. तिला नवख्याचं सामान दिलं होतं, काम दिलंच नव्हतं. म्हणजे पाहुणी आली आणि अडकली, त्याला कारखाना काय करणार?

मण्यांची चोरी होऊ नये म्हणून वरच्या मजल्याला बाहेरून कुलूप घालत होते, हे मात्र तो बोलला नाही. मूठभर काचेच्या मण्यांसाठी कुलूप. मी उभी राहिले आणि माझ्या भाषणाच्या आवाजात सुरू झाले. चौकशीचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, “बाई, सभा बाहेर घ्या. इथे पुरावा आणा.” सगळा जन्म माईकसमोर गेलेली मी, खाली बसले. पुरावा कुठून आणू? हजेरीत तिचं नाव नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुली एक तर तिच्याबरोबरच गेल्या, नाहीतर आता दुसऱ्या शेडमध्ये लागल्या आहेत आणि मला पाहिलं की रस्ता ओलांडतात. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांच्याही घरी चूल आहे.

तुला आठवतं, सुरुवातीला चिंगी घरी बुटांच्या खोक्याला खाचा पाडून त्यावर दोरे ताणायची? मला शिकवायला बसली होती. ओळीत जितके मणी, त्याहून ताण्याचा, म्हणजे उभा, एक दोरा जास्त. मणी खालून दोऱ्यांच्या मधे दाबायचे आणि सुई परत नेताना ती दोऱ्यांच्या वरूनच गेली पाहिजे. माझी खालून गेली आणि अख्खी ओळ मांडीवर सांडली. ती म्हणाली, मावशी, तू आपली भाषणंच कर, त्यात काय सांडलं ते कुणी मोजत नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. आणि हा माणूस म्हणतो, आदल्या दिवशी.

म्हणून काल मी विणकामाच्या सामानाच्या दुकानात गेले. म्हटलं, ते नवख्याचं सामान बघू तरी. दुकानदारीणबाईंना सांगितलं, मला मागावर मणी विणायला शिकायचंय, काय काय लागेल? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, या वयात आधी नवा चष्मा लागेल. मग एकेक वस्तू काढली. छोटा लाकडी माग, न ताणणारा मजबूत दोरा, लांब बारीक सुया, एका मापाचे मणी, कारण एक जाडा निघाला तरी पट्टी वाकडी होते. मणी घरंगळू नयेत म्हणून लोकरीच्या कापडाचा तुकडा. छोटी कात्री. आणि शेवटी मेणाची वडी, गुळगुळीत, पिवळी. दोरा तिच्यावरून ओढून घ्यायचा, म्हणजे तो गुंतत नाही, झिजत नाही. मी ती हातात घेऊन नुसती बघत राहिले. बाईंना वाटलं, मला महाग वाटतेय. म्हणाल्या, अहो, वर्षानुवर्षं पुरते. दोऱ्याने चरे पडून पडून खोल होतात. वडी बघून सांगता येतं, हात नवा की जुना.

धाकटे, मला तिथेच स्टूल मागावं लागलं.

चिंगीपर्यंत आग पोचलीच नव्हती. ती धुराने गेली, बंद दाराशी. तिच्या ॲप्रनच्या खिशातला पत्र्याचा डबा कारखान्याच्या माणसाने न उघडताच तुझ्या हातात ठेवला होता. तू तो माझ्यासमोर एकदाच उघडलास. सुया होत्या, कात्री होती, आणि सगळीकडून खोल चरे पडलेला एक पिवळा तुकडा. मला तो साबण वाटला. तू झाकण लावलंस आणि म्हणालीस, याला आता कुणी हात लावायचा नाही. मी लावला नाही. चिंगीचे बाबा म्हणतात, झालं ते झालं, पोरगी काही परत येत नाही. खरं आहे, येत नाही. पण कारखानेवाले तिची तीन वर्षंही तिच्याबरोबर पुरायला निघालेत, आणि ते कुलूपही.

मी हे पत्र तुझं सांत्वन करायला लिहिलेलं नाही. ते मला कधी जमलं नाही, तुलाही माहीत आहे. डबा तुझ्या हातात दिला गेला, म्हणून तो तिचा आहे हे तूच दाखवू शकतेस. दुकानातल्या बाई यायला तयार आहेत, चरे वाचून दाखवायला. बोलायचं तर त्या बोलतील, मी बोलेन. तुला एकही शब्द बोलावा लागणार नाही. बुधवारी सकाळी डबा घेऊन चौकशीच्या खोलीत ये, झाकण उघड आणि चिंगीचं मेण तुझ्या हाताने साहेबांच्या टेबलावर ठेव.

तुझीच,
ताई