राणीच्या बागेतलं बाक

भायखळा, मुंबई
ता. ५ डिसेंबर १९३५

ति. स्व. यजमानांचे चरणी आक्काचा सा. न. वि. वि.

भागी आणि तिची छकुली दोघी सुखरूप आहेत. नात तुमच्यावरच गेली आहे. रडायला लागली की भुवयांमध्ये तुमचीच आठी! दुपारी मायलेकी निजल्या की शेजारच्या गुलजारबी मला राणीच्या बागेत नेतात. भोवती गिरण्यांचे भोंगे आणि मधोमध हे रान! वारा नसतानाही बुचाची पांढरी फुलं गिरक्या घेत खाली येतात. बागेतल्या अजबखान्यात मातीच्या बाहुल्या करून नाना धंद्यांची माणसं मांडली आहेत. काचेपाशी उभं राहिलं की आपण कुठे आहोत तेच विसरायला होतं.

तुम्ही हसाल, पण मला पत्र लिहायची गोडी लागली आहे. हातोडीनं तुमचे कान नेले तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि अख्ख्या तांबट आळीनं ऐकायचं. म्हणून मी नुसतं ‘जेवायला चला’ एवढंच ओरडत आले. कागदावर कितीही हळू बोललं तरी तुमच्यापर्यंत पोहोचतं.

जिवाला जपावं. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपली,
आक्का

तांबट आळी, नाशिक
ता. १२ डिसेंबर

सौ. आक्का हीस चिमाजीचे अ. आ.

पत्र पावले. नातीला आठी माझी दिलीस, नाक तरी तुझे असू दे.

इकडचे कळवणार नव्हतो. पण ओरडून सांगायचे नाही, म्हणून सांगतो. मी घडवलेला एक हंडा चिरलेला निघाला. वाजवून पाहिला होता, पण बद्द आवाज मला ऐकूच आला नाही. गिऱ्हाइकाने तो सगळ्यांदेखत परत आणून ठेवला. गोटीराम धाकटा भाऊ, त्याने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि ओट्याकडे बोट दाखवले. तेव्हापासून ओट्यावर बसून असतो. समोर सारी आळी ठोकत असते आणि मला स्वप्नात पाहिल्यासारखी दिसते.

भागीला सांगू नकोस. त्या बाहुल्यांत तांबट आहे का? तू कधी येतेस?

सर्वांस आशीर्वाद सांग.

चिमाजी

भायखळा
ता. १६ डिसेंबर

ति. स्व. यजमानांचे चरणी सा. न.

तुमचं पत्र बागेत वाचलं. गुलजारबींनी पाठीवर हात ठेवला. तशीच उठून गाडीत बसावं असं वाटलं. मग मनात आलं, मी आले तरी ओट्यावर तुमच्या शेजारी बसू शकणार आहे का? आळी काय म्हणेल!

त्यापेक्षा तुम्हीच या. नात पाहायला जातो म्हणा, भावजी अडवायचे नाहीत. जावई स्टेशनावर येतील. इथे सगळं नुसतं बघायचंच असतं. ऐकून कोणाला काही घ्यायचं नसतं. तांबट आहे की नाही, मी सांगणार नाही. येऊन शोधा.

वाट पाहते आहे. राग नसावा.

आक्का

नाशिक
ता. ९ जानेवारी १९३६

सौ. आक्का हीस अ. आ.

सुखरूप पोहोचलो. आल्याबरोबर गोटीरामाला म्हटले, ठोकायचे तू बघ, नक्षीचे काम मला दे. त्या कामाला डोळे पुरतात. तो स्वतःच आत जाऊन नक्षीचे खिळे घेऊन आला. कालपासून एका कळशीवर त्या बागेतली पाने उतरवतो आहे. मधेच बुचाचा वास येतो आणि हात थांबतो.

एक विचारायचे आहे. निघण्याच्या दुपारी आपण तळ्याकाठच्या बाकावर बसलो होतो. लग्न झाल्यापासून चारचौघांत असे शेजारी बसलो ते तेव्हाच. ओळखीचे कोणी नव्हते. तू कितीतरी वेळ बोलत होतीस, आणि मुळीच ओरडत नव्हतीस. मला त्यातले एक अक्षर ऐकू आले नाही. मी मान हलवत होतो ती कळले म्हणून नव्हे, तू थांबू नयेस म्हणून.

ते सगळे आता सवडीने लिही. कागद लागतील तेवढे लागू देत.

छकुलीस पापा.

तुझा,
चिमाजी