परत गेलेला बैल

मी हनमेल, शमुवेलचा मुलगा, राहणार यरुशलेम, मेंढरे दरवाजाजवळ. पाय थकले आहेत, बुद्धी जागेवर आहे. बळीच्या जनावरात खोट आहे का, हे मंदिरासाठी पारखण्यात माझा जन्म गेला. माझ्यामागे काय कोणाचे, ते कोणाच्या धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने सांगून ठेवतो.

घर मुलगी शलोमित हिला. मुलगा एल्याशीब याला घरातला एक दगडही नाही. त्याला माझे गाढव, लोकरीचा झगा आणि वाटेसाठी सुके अंजीर. बापाने रागाने पोराला तोडले, असे लोक म्हणतील. म्हणू देत.

राग आहेच. परके राजे आपल्या देवासाठी बैल-मेंढरे पाठवत आले, कोणी मागितली नसताना. परक्यांना पुढे मनाई, म्हणून त्यांची माणसे मंदिराच्या आतल्या बुटक्या भिंतीपाशी थांबत आणि तिच्यावरून जनावराचा दोर माझ्या हाती देत. पूर्वेकडच्या एका राजाचा नोकर बर्झान वर्षानुवर्षे असाच येई. भिंतीच्या दोन बाजूंनी आम्ही एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी केली. या महिन्यात तरुण याजकांनी ठरवले, परक्याचे काही घ्यायचे नाही, आपल्यावर राज्य करणाऱ्या रोमच्या कैसराचेही नाही. त्यांत माझा एल्याशीब पुढे. माझ्या हातातला दोर ओढून त्याने भिंतीपलीकडे टाकला.

"हनमेलदादा, बैलात काही खोट निघाली का?" बर्झानने विचारले. बिचाऱ्याला दुसरे कारण सुचेना.

"नाही रे. बैल चांगला आहे," मी म्हणालो. पुढे मला रडू आवरले नाही.

कैसर हे विसरणार नाही, फौज येईल. घर नसले तर पोरगा बहीण-मेव्हण्याला घेऊन इजिप्तला मावशीकडे निघेल, एवढ्याच आशेने वरचे लिहवले.

लेखनिक यादुआने ते आत्ताच त्याला वाचून दाखवले. तो माझ्या पायाशी बसला.

"आबा, घर द्या नाहीतर नका देऊ. मी मंदिर सोडून जायचा नाही."

"अरे, मरशील."

"मरेन की."

म्हणून वरची वाटणी रद्द. गाढव, झगा, अंजीर शलोमितला. तिने नवऱ्यासह याच आठवड्यात निघावे. घर एल्याशीबला. हौदाचे पाणी शेजारच्या तोबियालाही भरू द्यावे. पाण्यावरून त्याच्याशी भांडण माझे होते, मुलाचे नाही.

खडकातल्या थडग्यात, पोरांच्या आईशेजारचा कोनाडा मी स्वतःसाठी कोरून घेतला होता. तो एल्याशीबसाठी रिकामा ठेवावा. मला बाहेर मातीत पुरावे.

निशाणी: हनमेल
साक्षीदार: यादुआ, लेखनिक, तोबिया, शेजारी
ठिकाण: यरुशलेम. महिना अब. वर्ष कोणत्या राजाचे लिहावे यावर साक्षीदारांचे एकमत होईना, म्हणून लिहिले नाही.